लेन्स बसली, बोट गेली

कॅमेरा बदलायला माझ्या मते तीन कारणं पुरेशी आहेत. बिघडला आणि दुरुस्त होईना. चोरीला गेला. डोळे अधू झाले आणि त्याच्या काचेतून दिसेना. माझ्या धाकट्या भावाने चौथं शोधून काढलं: किहीमला शनिवारी जमणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा गळ्यात अडकवून आलं.

भाऊ उरणला कंटेनर वाहतुकीच्या एका ऑफिसात आहे. आठवडाभर कुठला कंटेनर कुठे अडकला ते फोनवर विचारतो आणि शनिवारी किहीमला जाऊन कलावंत होतो. तिथे कुणाच्या तरी नारळाच्या वाडीतल्या कॉटेजवर ही सगळी जमतात. प्रत्येकाच्या गळ्यात फिल्मचा जुना कॅमेरा. फिल्म गल्लोगल्ली मिळत होती तेव्हा यातल्या बहुतेकांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आता ती महाग झाली आणि धुऊन देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले, तेव्हा यांना तिचं प्रेम आलं. हाकेच्या अंतरावर समुद्र असतो. ही माणसं त्याच्याकडे पाठ करून चहाच्या ग्लासचे फोटो काढतात.

मी रेवदंड्याला आईजवळ राहते आणि बर्फाच्या कारखान्याचं ऑफिस सांभाळते. कुठल्या बोटीला कुठल्या दिवशी किती लाद्या, ही यादी माझी. ती चुकली तर मासळी सडते आणि बोटीचा तांडेल दारात येऊन सगळ्या खानदानाचा उद्धार करतो. त्यामुळे मला याद्या करायची सवय आहे, आणि ‘होऊन जाईल गं’ म्हणणाऱ्या माणसांची मनापासून चीड आहे. भाऊ दिवसातून दहादा ‘होऊन जाईल गं’ म्हणतो.

फोटो मीही फिल्मवरच काढत आले, पण त्यात कला वगैरे काही नाही. गावातला स्टुडिओ बंद झाला तेव्हा स्टुडिओवाल्या काकांचा कॅमेरा आणि दोन लेन्स मी घेऊन टाकल्या. एक साधी, एक लांबचं जवळ दिसणारी. दोन्ही आट्यांच्या, म्हणजे बरणीच्या झाकणासारख्या फिरवून बसवायच्या. बारसं, साखरपुडा, होळी, नारळी पुनव, सगळं त्यावर निघालं. लेन्स दोन, कॅमेरा एक, रोल ठेवायला फ्रिजमध्ये एक डबा. बदलावं असं कधी काही वाटलं नाही.

आमच्या ओटीवर दोन चौकटी आहेत. एकीत आजोबांची शिडाची होडी, दुसरीत वडिलांची पहिली इंजिनाची बोट. दोन्ही फोटो काळेपांढरे, दोन्ही जेट्टीवरून काढलेले, दोन्हींत मागे खाडीपलीकडचा डोंगर. बांधून ठेवलेल्या बोटीचा फोटो आमच्या घरात काढत नाहीत. बांधलेली बोट म्हणजे झोपलेलं माणूस, आणि झोपलेल्या माणसाचा फोटो कुणी भिंतीवर लावत नाही. बोट चालती हवी, खाडीच्या मुखाशी हवी, तोंड समुद्राकडे आणि बावटे वाऱ्यावर. वडिलांच्या शेवटच्या बोटीचा असा फोटो राहून गेला. दर वर्षी ‘यंदा रंग दिल्यावर’ म्हणत लांबला आणि मग वडीलच गेले. बोट वर ओढून ठेवली ती तशीच पडली. भाऊ दर्यावर जाणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल मला राग नाही. कंटेनरच्या ऑफिसात तो कमी नुकसान करतो.

शेवटी बोट विकायची ठरली. घेणारा मुरुडच्या पलीकडच्या खाडीवरचा, बरीच वर्षं गल्फमध्ये काढून परत आलेला माणूस. व्यवहार सरळ झाला. आईने त्याला काही अट घातली नाही, आम्हाला घातली.

“ती इथून जाताना फोटू पायजे. भिंतीवर तिसरा. तसाच.”

“तसाच म्हणजे?”

“तुला दिसत न्हाय काय त्या दोघांकडं बघून?”

दिसत होतं. बोट इथून एकदाच बाहेर पडणार होती, म्हणजे फोटो निघाला तर त्याच दिवशी निघणार होता. मी कामाला लागले. आधी मोबाइल तपासला. जेट्टीवर उभी राहून बाहेर पडणाऱ्या एका बोटीचा फोटो काढला. साधा काढला तर बोट काडेपेटीएवढी, बोटांनी मोठी केली तर तिची रांगोळी. मोबाइल खोडला. मग माझा कॅमेरा काढला, तर त्याच्या आतला शटरचा पडदा जागोजागी तडकलेला. ही नेहमीची म्हातारपणाची खोड. लेन्स दोन्ही ठणठणीत, बॉडी मेलेली. लांबची लेन्स हवीच होती, तेव्हा प्रश्न एवढाच उरला की ती कशावर लावायची.

यात अवघड काही नाही. कॅमेऱ्याच्या तोंडापासून आतल्या फिल्मपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं असतं. लेन्स त्या अंतरासाठी घडवलेली असते. दुसऱ्या कंपनीच्या बॉडीत हे अंतर कमी असेल, तर मधे रिंग टाकून ते भरून काढता येतं. बॉडीतच ते जास्त असेल, तर रिंगने आणखी वाढतं. लेन्स फिल्मपासून लांब जाऊन बसते. मग तिला जवळचं दिसतं, लांबचं दिसत नाही. फरक नखाएवढा असतो, पण नखाएवढ्या फरकाने समुद्र जातो. म्हणून माझी पसंती ठरलेली होती. पहिली, तशीच आट्यांची दुसरी बॉडी. ती नाहीच मिळाली, तर त्याच कंपनीची पुढची, कारण तिने लेन्स बसवायची पद्धत बदलली तरी अंतर तेच ठेवलं. बाकीच्या कंपन्यांना हात लावायचा नाही.

हे सगळं मी भावाला फोनवर सांगितलं आणि उरणहून येताजाता मुंबईत चौकशी कर म्हटलं.

“ताई, तू अजून आट्यांतच अडकलीयस,” तो म्हणाला. “आता कुणी फिरवत बसत नाही. टक्‌ करून बसते लेन्स.”

“माझी फिरवूनच बसते.”

“रिंग असते गं त्याला. मी तेच करतो. मी नाही का कंपनी बदलली?”

“कितव्यांदा?”

“दुसऱ्यांदा. पण आता हीच. सगळ्यांकडे हीच आहे.”

त्याने पहिली कंपनी सोडली ती उजेड मोजायचा मीटर चालत नाही म्हणून. मीटरला सेल लागतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी सोडली ती आवाज मोठा येतो म्हणून. तिसरी धरली ती किहीमला सगळ्यांकडे तीच आहे म्हणून. या तिसरीचं ते अंतर आट्यांच्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त आहे, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “तू पुस्तकी बोलतेस, आम्ही वापरतो.” आणि मी दुसरीकडे चौकशी सुरू करायच्या आत त्याने तसल्याच कंपनीची आणखी एक बॉडी आईच्या फोटोसाठी म्हणून घेऊन टाकली. आईला फोन करून सांगितलंही. आई खूश. माझी लांबची लेन्स मागायला तो स्वतः आला, रिंगही मागवतो म्हणाला. आईपुढे मला ती द्यावी लागली.

रिंग विकणाऱ्याचा नंबर मी त्याच्याकडून घेतला.

“मॅडम, बसते,” विकणारा म्हणाला. “एकदम टाइट बसते.”

“बसल्यावर लांबचं दिसतं का?”

“मॅडम, अख्खा ग्रुप वापरतो.”

“ग्रुपला लांबचं दिसतं का?”

“तुम्ही घ्या तर! नाही बसली तर परत करा.”

या माणसाच्या जगात वस्तू बसते किंवा बसत नाही. पुढे तिच्याकडून काही काम असतं ही कल्पना त्याला शिवलेली नव्हती. काच असलेली रिंग मिळते का, हेही विचारलं. तिने लांबचं दिसतं, पण चित्र दुधाळ होतं. तो म्हणाला, काचवाली हलकी क्वालिटी, ग्रुपमध्ये कुणी घेत नाही.

मी भावाला बजावलं, रोल घालू नकोस, खर्च करू नकोस, फक्त समुद्रावर जा आणि त्यातून लांबचं बेट बघ. त्यावर त्याने मोबाइलवर आपले या रिंगने काढलेले जुने फोटो पाठवले. चहाचा ग्लास. कुत्र्याचं नाक. कुणाच्या तरी कानातला झुमका. प्रत्येक फोटोत हातभर अंतरावरची वस्तू लखलखीत आणि तिच्यामागे सगळं पेजेसारखं.

“मागचं काय विरघळलंय बघ!” खाली लिहिलेलं.

“बेट बघितलंस का?” मी विचारलं.

त्यावर अंगठा आला.

त्या अंगठ्याचा अर्थ मला नंतर कळला. त्याने काही बघितलं नव्हतं. किहीमला मागचं विरघळणं हेच सौंदर्य. नारळ विरघळले पाहिजेत, समुद्र विरघळला पाहिजे, आकाश तर हवंच विरघळलेलं. ज्या लेन्सने मागचं जास्त पातळ होतं ती थोर. ही मंडळी एकमेकांच्या लेन्सचं पातळ करणं किती मुलायम यावर तासन्‌तास बोलतात. त्यामुळे त्या रिंगने लांबचं काही दिसूच शकत नाही, ही गोष्ट इतक्या महिन्यांत एकाच्याही लक्षात आलेली नव्हती. आंधळेपण आलं आणि त्यांनी त्याचं कौतुक केलं. समुद्राकाठी राहून ही चूक करायला खास गुण लागतो.

बोट न्यायच्या सकाळी भाऊ रिक्षातून उतरला तेव्हा भरती पुरती होत आली होती. घेणारा आपल्या दोन खलाशांसह आधीच आलेला. त्याने इंजिन दुरुस्त करून घेतलं होतं, बावटे आईनेच शिवलेले लावले होते. आईने बोटीला हळद-कुंकू लावलं, नारळ वाढवला. तो माणूस डोक्यावर रुमाल बांधून आदराने बाजूला उभा राहिला.

“खाला, दुआ करा,” तो आईला म्हणाला. “पयली बोट हाय आमची.”

“सांभाळ तिला,” आई म्हणाली. “डावीकडं वडते जरा. धन्यावर गेलीय.”

धनी म्हणजे माझे वडील. जेट्टीवरच्या बायका हसल्या. बोट सुटली.

भावाने कॅमेरा डोळ्याला लावला, एक पाय पुढे, कोपर आत, एकदम ऐटीत. बोट वळली, तोंड बाहेर केलं, बावटे फडफडले, मागे डोंगर आला. हवं होतं तेच चित्र. मी त्याच्या मागे उभी. तो लेन्स फिरवत होता. फिरवत राहिला.

“काढ ना,” मी म्हटलं.

“थांब. हवेत बाष्प आहे आज.”

हवा इतकी स्वच्छ होती की पलीकडच्या डोंगरावरची तटबंदी दिसत होती.

“दे इकडे.”

“ताई, हात लावू नकोस, फोकस जाईल.”

“आहे का तो, जायला?”

मी कॅमेरा ओढून घेतला. जेट्टीच्या कडेला सुकत घातलेली जाळी लख्ख दिसत होती. दोर गुंडाळायचा खुंट लख्ख. लेन्स शेवटापर्यंत फिरवलेली होती, जिथे आडवा आठ कोरलेला असतो आणि जिथे क्षितिज स्पष्ट व्हायला हवं. त्या आठापाशी आमची बोट म्हणजे पाण्यावर पडलेला एक काळसर डाग होती. ती जात होती आणि डाग आणखी पसरट होत होता.

“तुला बेट बघायला सांगितलं होतं.”

“बसली तर होती गं लेन्स!”

मग त्याला शहाणपण सुचलं. त्याने तोंडापुढे हात धरून आरोळी ठोकली, “ओ भाऊ! वळवा! एक राउंड जवळून मारा!”

आईने त्याच्या दंडाला धरून मागे खेचलं. “गप! नारळ वाढवून निघालीय. आता मागं न्हाय बोलवायची.”

“आई, दोन मिनिटं फक्त. तुझ्याच फोटोसाठी.”

“माज्या फोटूसाठी त्याच्या होरीला अपशकुन करू काय? आन्‌ जवळ येऊन ती किनाऱ्याकडं तोंड करील. तसला फोटू कुणाला पायजे?”

बोलणं संपलं. बोट मुखाबाहेर गेली, दक्षिणेला वळली आणि डोंगराआड झाली. आई ती जाईस्तोवर बघत राहिली. भावाने तेवढ्यात आईचे फोटो काढले. आई जवळ होती, म्हणजे त्याच्या कॅमेऱ्याला दिसत होती.

पुढच्या आठवड्यात त्याने त्यातला एक मोठा करून, चौकटीत घालून आणला. पुढे आई, प्रत्येक सुरकुती मोजता येईल इतकी स्पष्ट. मागे बोट, म्हणजे तो डाग. किहीमला हा फोटो फार गाजल्याचं त्याने सांगितलं. एक बाई म्हणे रडल्या. एकाने तर सांगितलं की डोळ्यांसमोर विरघळत जाणारी बोट हे एका अख्ख्या जमातीचं रूपक आहे. जमात म्हणजे आम्ही. त्या गृहस्थाने आयुष्यात मासळी फक्त ताटात पाहिलेली असणार.

आईने चौकट हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

“ही मी हाय,” ती म्हणाली.

“व्हय,” भाऊ लाडात येऊन म्हणाला.

“होरी कुटं हाय?”

“ती काय मागे. तसाच इफेक्ट आहे, आई.”

“मी अजून जिती हाय, मला कशाला टांगतोस?” असं म्हणून तिने चौकट त्याच्या हातात परत दिली आणि बोंबील उलथवायला अंगणात गेली.

मी त्याच आठवड्यात त्याच्याकडून माझी लेन्स परत घेतली आणि अलिबागला जाऊन लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका निवृत्त माणसाकडून आट्यांची बॉडी घेतली. जड, काळी, एका कोपऱ्यात चेपलेली. त्याच्या घराच्या पायरीवर उभं राहून, रोल न घालता, तिच्यातून लांबची पाण्याची टाकी बघितली. टाकीच्या शिडीच्या पायऱ्या दिसल्या. याला इतकाच वेळ लागतो.

मग बोट घेणाऱ्या माणसाला फोन केला आणि सुट्टी टाकून एसटीने त्याच्या गावी गेले. आईला सांगून गेले. ती जा म्हणाली नाही, नको म्हणाली नाही.

बोट आता हिरवी झाली होती. बावटे नवे होते, नाव नवं होतं. काळ्यापांढऱ्यात हिरवं काय न्‌ निळं काय, हे मी वाटेतच मनाशी धरून ठेवलं होतं. तो माणूस बोट बाहेर काढतो ती वेळ धरून मी गेले होते. बघते तर फोटो निघणार म्हणून त्याची बायको आणि दोन मुली नवे कपडे घालून बोटीवर चढलेल्या.

“आपा, यांना घेऊन एक चक्कर मारतो,” तो म्हणाला. “घरात लावायला आम्हालाबी एक पायजे. लेकी रोज विचारतात.”

त्याला काय सांगणार? मी धक्क्यावर उभी राहिले. बोट मुखाशी गेली, तोंड समुद्राकडे, बावटे वाऱ्यावर. नाळेपाशी, बोटीच्या पुढच्या टोकाला, बायको ताठ उभी, एका हाताने ओढणी आणि दुसऱ्याने धाकटी धरलेली. मी लेन्स आठापर्यंत फिरवली. ओढणीची किनारसुद्धा दिसत होती. काढले.

फोटो उत्तम आले. हे मी उगाच नम्रपणा न करता लिहिते, कारण लेन्स तिच्या जागी असेल तर फोटो उत्तमच येतात, त्यात माणसाचं कर्तृत्व थोडं. दोन प्रती करून आणल्या, एकीचा आकार ओटीवरच्या चौकटींइतका.

आई खुर्ची उजेडात ओढून बसली. बराच वेळ बघत होती. तिने बोट ओळखली, कारण तिच्या हाताचं बोट वडिलांनी कडेची फळी बदलली होती त्या जागेवर जाऊन थांबलं. मग वर सरकलं.

“ही त्याची बायको काय?”

“हो.”

“चांगली उभी हाय. भ्यायली न्हाय.” मग म्हणाली, “त्यांना लवकर पोचव हा.”

“त्यांचा वेगळा आहे. हा आपला.”

“आपला कसा? त्यांची माणसं हायत वर.” तिने फोटो माझ्या हातात दिला. “दोन्ही त्यांनाच दे. एक तिच्या आयशीला लागंल.”

मी समजूत घालायला गेले नाही. तिला तिसरा फोटो हवा होता तो एकाच सकाळी मिळणार होता, आणि ती सकाळ माझ्या भावाने त्या रिंगवर उधळली होती. माझ्या कितीही चांगल्या फोटोने ती परत येणार नव्हती. मी दोन्ही प्रती पुठ्ठ्यात घालून पाकीट बंद केलं.

तेवढ्यात भावाचा फोन आला. आवाजात उत्साह.

“ताई, मी कंपनी बदलतोय. आता घेतोय त्यात अंतर सगळ्यांत कमी. कुठलीही लेन्स टाक, दिसतं म्हणजे दिसतं. तुझ्या दोन्ही लेन्स यावर बसतील.”

“काय म्हणतोय?” आईने विचारलं.

“नवा कॅमेरा घेतोय.”

“कशाचा फोटू काढायला?”

मला स्वतःला याहून बरा प्रश्न सुचला नसता. मी फोन स्पीकरवर टाकला आणि तो त्याला तसाच विचारला. पलीकडे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

“म्हणजे काय, कशाचा?” तो म्हणाला.